बुडविले ते येणे, देणे नव्हे



यवतच्या मुक्कामी श्रीतुकोबारायांच्या पालखीबरोबरच्या मंडळींना गावकरी पिठले-भाकरी वाढतात, हे वारकरी बंधुभगिनींना आम्ही सांगावयास नको. २०२३ च्या वारीत त्या पंगतीत आमच्या दिंडीतला एक विणेकरी भाकरी तशीच पुढे ठेवून बसला होता. विचारले, तेव्हा बंडीच्या खिशातून त्याने कोर्टाचे समन्स काढले. सूतगिरणी बंद पडून नोकरी गेलेली. मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढलेले, त्याचे हप्ते थकले आणि कर्ज देणाऱ्या कंपनीने दिवाणी दावा लावला. तारीख नेमकी पालखी इंदापुरात असतानाची. "महाराज, काय करू?" म्हणाला.

आम्ही म्हणालो, "माउली, चला. पांडुरंग पाहून घेईल."

सज्जनहो, हे आमचे चुकले. विश्वास म्हणून बोललो खरे, पण तो विश्वास नव्हता. दुसऱ्याच्या संकटात पडावयाचा आमचा आळस होता. त्याने वारी पुरी केली, तिकडे दावा एकतर्फी चालला, आणि अधिक श्रावण सरता सरता त्याच्यावर हुकूमनामा झाला.

निज श्रावणात तो घरी आला आणि उंबऱ्यातच बसला. म्हणाला, "महाराज, तुकोबांनी खते इंद्रायणीत बुडविली, तसे माझेही कुणी बुडवील का? की नादारी घेऊ? नादारी घेतली तर ही माळ गळ्यात ठेवता येईल का?"

हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. महाराजांनी खते बुडविली ही कथा आपण कीर्तनात नेहमी सांगतो. पण बुडविले काय, इकडे लक्ष द्यावे. ती लोकांनी त्यांना द्यावयाच्या पैशांची खते होती. त्यातलाही अर्धा वाटा धाकट्या भावाचा, कान्होबांचा, तो त्यांना देऊन महाराजांनी आपलाच वाटा डोहात सोडला. आपले येणे सोडणे हे वैराग्य झाले. लोकांचे देणे त्या कथेच्या आधाराने बुडवू म्हणणारा कथा अर्धीच ऐकतो.

आता दिवाळ्याविषयी. महाराजांचेही दिवाळे निघाले होते. १६३० च्या सुमाराच्या त्या घोर दुष्काळात दुकान बसले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. या गोष्टीची लाज वाटली, हेही त्यांनी लपविले नाही. संतांनी विचारले तेव्हा स्वतःच्या अभंगात सांगून टाकले. दिवाळे निघाले म्हणून माळ उतरत नाही, बरे. उतरत असेल तर ती लपवाछपवीने.

आणि गंमत अशी, की नादारीचा कायदाही हेच मागतो. व्यक्तींसाठी अजून १९२० चा जुना कायदा चालतो, मुंबई शहरात १९०९ चा. २०१६ च्या नव्या संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग तूर्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच सुरू आहे. अर्ज करणाराने आपले सारे देणे, सारे धनको, घरातली सारी चीजवस्तू लिहून द्यावयाची. मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते, आणि पुढे कोर्टाला पटले तर कर्जातून मोकळीक मिळते. एखादी वस्तू लपविली तर तो गुन्हा. म्हणजे बाजारात उभे राहून आपले दारिद्र्य मोजून दाखविणेच की!

तथापि हा शेवटचा उपाय. तालुक्याच्या विधी सेवा समितीत आम्ही त्याच्याबरोबर गेलो. उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत असेल, तर तेथे वकील फुकट मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. वकीलबाईंनी कागद पाहून पहिला प्रश्न केला, "हुकूमनामा कधीचा?" एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज तीस दिवसांत करावा लागतो, आणि चार दिवसच उरले होते. अर्ज गेला. गैरहजर का राहिलो, हे त्याने खरे तेच लिहिले. आमचे नाव मात्र घातले नाही. आम्ही घालावयास सांगितले होते.

बाईंनी आणखी एक भीती घालविली. जप्ती आली तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि बायकोचे मंगळसूत्र नेता येत नाही. आणि केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून बुडविणाराची गोष्ट वेगळी. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितले आहे. हे ऐकून त्याच्या बायकोने गळ्याशी नेलेला हात खाली घेतला. ती किती दिवस तो हात तसा धरून होती, कोण जाणे!

कोर्टाने अर्ज मान्य केला. पुढे तडजोडीची बोलणी सुरू झाली, हप्त्यांचा आकडा अजून ठरावयाचा आहे. नादारीचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे, सोडलेला नाही. गडी रोजंदारीवर जातो. मिळेल त्या दिवशी मिळते.

२०२५ च्या आषाढात तारीख पुन्हा वारीतच आली. यवतला पिठले-भाकरी खाऊन त्याने वीणा आमच्या हाती दिली आणि पहाटेच्या एस्.टी.ने मागे गेला. बारामतीच्या मुक्कामी हरिपाठाच्या वेळी येऊन उभा राहिला, तेव्हा आम्ही वीणा परत त्याच्या गळ्यात घातली. तारखेचे काय झाले, ते हरिपाठ झाल्यावर विचारले.