न दिसणे आणि नसणे

जमिनीखाली कोंडलेला वायू निसटलेला नाही, हे कशावरून म्हणायचे? माझ्या कामाचा सगळा कस या प्रश्नावर लागतो. मी नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला सिस्मिक डेटाचे प्रोसेसिंग करते. समुद्रतळाखाली साठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवायचे तर जी चित्रे लागतात, ती आमच्यासारखी माणसे तयार करतात. अहवालाच्या शेवटी बहुधा एक वाक्य येते : ‘गळती आढळली नाही.’ ते लिहिण्याचा अधिकार मला कोणत्या प्रमाणाने मिळतो? याचे सर्वांत नेमके उत्तर मला भूभौतिकीच्या पुस्तकांत मिळाले नाही. ते मीमांसकांकडे मिळाले.

आधी वस्तुस्थिती सांगते. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूत सुमारे 9 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. वायू विकायचा तर हे प्रमाण अडीच टक्क्यांपर्यंत खाली आणावे लागते. बाजूला काढलेला कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला असता, तर 1991 पासून लागू झालेला कर भरावा लागला असता. म्हणून 1996 पासून तो समुद्रतळाखाली आठशे ते हजार मीटरवर असलेल्या उत्सिरा वालुकाश्मात सोडला जाऊ लागला, वर्षाला साधारण दहा लाख टन. वाळूच्या कणांमधले खारे पाणी बाजूला सारत तो वर चढतो आणि माथ्यावरच्या शेल खडकाच्या जाड थराखाली अडतो. निदान अडावा, अशी योजना आहे.

तो अडला की नाही हे पाहायला जहाज निघते. मागे काही किलोमीटर लांबीच्या केबली, त्यांत हायड्रोफोन, आणि दाबलेल्या हवेचा स्फोट करणाऱ्या एअरगन. प्रत्येक स्फोटाची लाट खाली जाते, थराथरावर आपटून परतते. स्लाइपनरचे पहिले सर्वेक्षण वायू सोडण्यापूर्वी, 1994 मध्ये झाले. 1999 पासून त्याच जागेवर पुनःपुन्हा सर्वेक्षणे झाली. नव्या चित्रातून जुने वजा केले की उरतो तो बदल. पाण्याने भरलेल्या त्या वाळूत ध्वनीचा वेग सेकंदाला दोन हजार मीटरच्या आसपास असतो. वायू शिरला की तो साडेचौदाशेच्या घरात उतरतो. त्यामुळे वायूच्या जागी परावर्तन लख्ख उजळते आणि त्याच्या खालचे थर प्रत्यक्षात आहेत त्याहून खोल गेल्यासारखे दिसतात. वालुकाश्मात मधेमधे शेलचे जेमतेम मीटरभर जाडीचे पापुद्रे आहेत. त्यांच्याखाली वायू अडकून एकावर एक नऊ थर झालेले या चित्रांतून दिसले. हजार मीटर खोलीवरचे, कुणीही कधी डोळ्यांनी न पाहिलेले ते नऊ थर पडद्यावर उलगडतात, तेव्हा हे अनुमान आहे हे मला ठाऊक असूनही प्रत्यक्ष पाहिल्यासारखेच वाटते.

पण वायू जिथे आहे तिथे तो दाखवणे सोपे. जिथे तो नसावा तिथे तो नाही, हे दाखवणे अवघड.

माझे माहेर पाटण तालुक्यातले. आमच्याकडे वडीलधारी माणसे अजून ‘भूकंपाच्या आधी’, ‘भूकंपानंतर’ अशी काळाची गणती करतात. धरणात पाणी साठू लागल्यावर कोयनेच्या परिसरात लहान धक्के सुरू झाले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा धक्का बसला. माणसाने रचलेल्या पाण्याने भूगर्भातल्या ताणांना चाळवले, असे आज बहुतेक भूकंपतज्ज्ञ मानतात. ज्या भागात वर केलेल्या कामाचे परिणाम खालून येऊन घरे पाडून गेले, त्या भागातल्या मुलीला ‘काही आढळले नाही’ हे वाक्य सहजासहजी पचत नाही.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या केवलानंद सरस्वतींचा सात खंडांचा मीमांसाकोश मी सुट्टीत चाळत असे. नैयायिक चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानतात. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती सहा मानतात, त्यांतले सहावे अनुपलब्धी. समोरच्या जमिनीवर घडा नाही हे मला कळते ते कशाने? घड्याचे न दिसणे हेच तिथे ज्ञानाचे साधन आहे, असे हे लोक म्हणतात. नैयायिकांना ते वेगळे प्रमाण म्हणून मान्य नाही. अभावही प्रत्यक्षानेच कळतो, असे त्यांचे म्हणणे. पण एका अटीवर या वादातले दोन्ही पक्ष ठाम आहेत, आणि सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्तीही. न दिसणारी वस्तू दिसण्याजोगी असली पाहिजे. घडा असता तर दिसला असता, एवढे छातीठोक म्हणता आले तरच तो नाही असे म्हणता येते. अंधारात हात घालून ‘घडा नाही’ म्हणणे हे ज्ञान नव्हे. पिशाच दिसत नाही एवढ्यावरून पिशाच नाही असेही ठरत नाही, कारण ते दिसण्याजोगेच मानलेले नाही.

याच अटीचा आधार घेऊन उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराची बाजू मांडली. ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगाच नाही, मग त्याचे न दिसणे त्याच्या अभावाचे प्रमाण कसे होईल? मला हा युक्तिवाद पटतो. श्रद्धेला तिथे जागा आहे. मात्र ईश्वराला मिळणारी ही सवलत वायूच्या साठ्याला देता येत नाही. जो साठा आपण मुद्दाम तयार केला, ज्याच्यावर पुढच्या कित्येक पिढ्या विसंबणार, त्याच्या बाबतीत ‘दिसण्याजोगे’ किती हे सांगणे आपले कर्तव्य आहे.

आमच्या कामात दिसण्याला मर्यादा आहेत. सेकंदाला 35 आवर्तनांची लाट दोन हजार मीटर वेगाने जाते तेव्हा तिची लांबी 57 मीटर भरते. त्याच्या चतुर्थांशाहून, म्हणजे चौदाएक मीटरहून, पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे ओळखू येत नाहीत; परावर्तनाच्या जोरावरून जाडीचा अंदाज बांधावा लागतो. शिवाय पहिल्या थोड्याशा वायूनेच वेग बहुतेक सगळा घसरतो. पुढे वायू कितीही वाढला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून ‘आहे का’ याचे उत्तर सिस्मिक चांगले देते, ‘किती आहे’ याचे देत नाही. स्लाइपनरवर 2002 पासून समुद्रतळावर गुरुत्वाकर्षणही मोजले गेले, ते याच कारणाने.

सर्वांत विचारात पाडणारी गोष्ट आणखी पुढे आहे. कार्बन डायऑक्साइड खाऱ्या पाण्यात विरघळला की तो सिस्मिक चित्रातून जवळजवळ नाहीसा होतो. वायू विरघळलेले पाणी किंचित जड होऊन खाली बसते, म्हणजे तो वायू अधिकच सुरक्षित होतो. जो निसटला तोही दिसेनासा झाला, जो कायमचा स्थिरावला तोही दिसेनासा झाला. एका अभावाचे दोन अर्थ, आणि ते परस्परविरुद्ध.

प्रोसेसिंगमध्येही एक सापळा आहे. दोन सर्वेक्षणांत भरती-ओहोटी वेगळी, पाण्याचे तापमान वेगळे, केबल थोडी वाहवलेली. वजाबाकीपूर्वी दोन्ही संच जुळवून घ्यावे लागतात आणि जुळवायला असा भाग लागतो जिथे काहीच बदललेले नाही. सवय म्हणून लोक साठ्याच्या वरचे थर घेतात. गळती शोधायची ती नेमकी त्याच थरांत! जिथे बदल नाही हे सिद्ध करायचे, तिथेच बदल नाही असे आधी गृहीत धरायचे. आपल्या तार्किकांनी याला अन्योन्याश्रय म्हणून केव्हाच दोष दिला आहे. म्हणून जुळवणीची खिडकी वायूच्या पसाऱ्यापासून दूर, बाजूला घ्यायची. या एका गोष्टीवर मी सहकाऱ्यांशी भांडते आणि पुढेही भांडेन. स्लाइपनरचा डेटा 2019 मध्ये सर्वांसाठी खुला झाला, याचे मोल म्हणूनच मोठे आहे. साठवणाराच साक्षीदारही असेल, तर निदान साक्ष तपासता तरी आली पाहिजे.

युरोपीय संघाच्या 2009 च्या निर्देशानुसार साठवण बंद झाल्यावर साधारणपणे किमान 20 वर्षांनी जबाबदारी शासनाकडे जाऊ शकते. वायू तर हजारो वर्षे राहावा अशी अपेक्षा. वीस वर्षांचे न दिसणे हजार वर्षांच्या नसण्याला पुरत नाही. हस्तांतरानंतरही ठरावीक काळाने जहाज गेलेच पाहिजे आणि त्याचे पैसे आजच बाजूला काढले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रापर्यंत येईल. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने पाण्यात विरघळवलेला वायू 2012 मध्ये बेसॉल्टमध्ये सोडला आणि त्यातला 95 टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिज झाल्याचे 2016 मध्ये जाहीर झाले. तिथे पडताळा घेतला तो पाण्यात मिसळलेल्या मागोवा-द्रव्यांनी. दख्खनच्या पठाराचा मोठा भाग बेसॉल्टचाच, त्यामुळे आपल्याकडेही तो विचार होतो आहे. पण बेसॉल्टच्या थरांमधून सिस्मिक चित्र फार धूसर येते.

उद्या तुमच्या तालुक्यात जनसुनावणी होईल आणि कुणी सांगेल की गळती आढळली नाही. तेव्हा उठून एवढेच विचारा : किती गळती असती तर तुम्हाला दिसली असती? आकडा मिळेपर्यंत खाली बसू नका.