आधी स्वतःचं निदान

एमबीबीएसच्या मुलांपुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की उत्सुकता दिसते आणि मागोमाग एक प्रश्न येतो: मग रेडिओलॉजीला जावं की नाही? २०१६ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन यांनी नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, असं जाहीरपणे म्हटलं होतं. पाच वर्षांत यंत्र रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस ठरेल, असा त्यांचा अंदाज होता. ती मुदत केव्हाच उलटली आणि रेडिओलॉजिस्ट आजही हवेच आहेत. ही भीती मुलांनी खुशाल सोडून द्यावी.

मला घोर लागतो तो पोलंडमधल्या एका अभ्यासाने. २०२५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातले, मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणारे डॉक्टर नवखे नव्हते. प्रत्येकाने दोन हजारांवर तपासण्या केलेल्या. संशयाची जागा पडद्यावर दाखवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा त्यांना मिळाली. पुढच्या काही महिन्यांत जिथे ती वापरली नाही, त्या तपासण्यांत ॲडिनोमा, म्हणजे पुढे कर्करोगाकडे वळू शकणाऱ्या गाठी, सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं. एवढ्या एका अभ्यासावरून सगळा दोष यंत्राला देता येणार नाही. पण मुरलेल्या डॉक्टरांची नजर अशी सैलावत असेल, तर जिची नजर अजून तयारच व्हायची आहे, त्या विद्यार्थिनीचं काय?

वॉर्डात एखादे आजोबा म्हणतात, ‘छातीत जळजळतंय.’ घाम आला होता का, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जातं का, जिना चढताना वाढतं का, हे विद्यार्थिनीने विचारलं तर हृदयविकाराचा धागा हाती लागतो. विचारलं नाही, तर फोनमधल्या यंत्राला फक्त ‘जळजळ’ कळते आणि ते ॲसिडिटीबद्दल नीटनेटकं, पटेल असं उत्तर देतं. चूक यंत्रापर्यंत पोचण्याआधीच, खाटेपाशी झालेली असते. पोट दाबताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघायचं असतं, हेही तिथेच उभं राहून शिकावं लागतं.

यंत्र नको, असं मी म्हणणार नाही. छातीच्या एक्स-रेवरून क्षयाचा संशय टिपणाऱ्या संगणकप्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या व्यक्तींसाठी मान्यता दिली. जिथे एक्स-रे वाचणारा तज्ज्ञच नाही, तिथे ती फार मोठी मदत आहे. मुलांना हे सारं रीतसर शिकवायलाच हवं, त्याच्या मर्यादांसकट.

म्हणून वॉर्डात शिकणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: हिस्ट्री स्वतः घ्या, रुग्णाला हात लावून तपासा, आपलं निदान कागदावर लिहा आणि मगच फोन काढा. आणि सरांनी, मॅडमनी केस ऐकताना तो कागद आधी मागावा.