नदीकाठचे झाड कोणाचे?

नदीकाठी ज्याचे शेत आहे तो म्हणतो, "जमीन माझी, झाडही माझेच, मी ते तोडिले तर त्यात दुसऱ्याचे काय गेले?" प्रश्न साधा दिसतो, परंतु तो न्यायाचा आहे, म्हणून त्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

काठावरील करंज, जांभूळ, उंबर व वाळुंज ही झाडे काय करितात ते पाहावे. त्यांची मुळे दरडीची माती धरून ठेवितात. शेतांतून वाहून येणारा गाळ त्यांच्या बुडाशी अडतो. त्यांच्या सावलीने उन्हाळ्यात डोहाचे पाणी फार तापत नाही. गळलेल्या पाल्यावर किडे जगतात व किड्यांवर मासे. झाडे गेली म्हणजे पुरात दरड ढासळते, आणि तोडणाऱ्याबरोबर खालच्या शेजाऱ्याचेही शेत खचते. लाकूड एकाने नेले, तोटा अनेकांनी सोसला. तेव्हा मालकीबरोबर शेजाऱ्याचे देणेही येते, हे उघड आहे.

तथापि दुसरी बाजूही आहे. ज्याच्या चुलीस सर्पण नाही त्यास "झाडास हात लावू नको" एवढेच सांगणे, म्हणजे भरल्या पोटाने उपाशी माणसास उपदेश करणे होय. म्हणून आमचे म्हणणे असे की, व्याज खावे, मुद्दल राखावे. करंजाच्या बियांचे तेल व पेंड, जांभळे, वाळलेल्या फांद्या, हे व्याज. करंज छाटला तरी बुडापासून पुन्हा फुटतो. तो पाळीपाळीने छाटावा, व धुमारे वाढेपर्यंत तेथे गुरे सोडू नयेत. मुळे उपटून काठ उघडा करणे, हे मात्र मुद्दल खाणे आहे.

हे एकट्याने साधत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्कधारक गावांच्या ग्रामसभांस वन राखण्याचा अधिकार दिला, व पाणलोट आणि जलस्रोत यांचे रक्षण करण्याचे कामही सोपविले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे निर्णय सर्वांच्या संमतीने होतात. खाजगी शेताच्या काठास तो कायदा लागू नाही. परंतु सर्वांनी मिळून ठरविण्याची ती रीत कोणत्याही गावास घेता येईल.

यास्तव, वाचकहो, पावसाळ्यापूर्वी वरच्या व खालच्या शेजाऱ्यांस बोलावून काठावरून चालत जा; कोणते झाड राखावयाचे, कोठे नवे लावावयाचे, सर्पण कोणी व केव्हा घ्यावयाचे, हे तेथेच ठरवा. वरच्या गावाने काठ राखिला तर आपले शेत वाचते. तेच देणे आपण खालच्या गावास लागतो.