लायक बाई कुठंय?

आमच्या जयंती कमिटीची बैठक होती. अकरा जण. अकराही पुरुष. एक पोरगी मागून उठली. म्हणाली, 'कमिटीत चार जागा बायांना द्या.' मी अध्यक्ष. म्हणालो, 'देऊ की. पण लायक बाई कुठंय?' सगळे हसले. पोरगी खाली बसली.

रात्री झोप येईना. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. नोकरीच्या मुलाखतीत, टेबलापलीकडून. 'राखीव जागा आहेत हो, पण लायक माणूस मिळत नाही.' तेव्हा माझं रक्त उकळलं होतं. आज तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं, अन् तेही आपल्याच पोरीसाठी.

मित्रहो, हे वाक्य लई हिंडलेलं आहे. पार नॉर्वेपर्यंत. तिथं २००२ साली मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर शंभरात जेमतेम सहा बाया होत्या. शिकलेल्या बाया भरपूर, कायद्यानं समान संधी, दार उघडं. तरी आत पुरुषच. २००३ मध्ये कायदा झाला, मंडळावर बाया ४० टक्के हव्यात. आधी म्हणाले, आपखुशीनं करा. झालं नाही. मग २००६ पासून सक्ती आली. दोन वर्षांत जमलं नाही तर कंपनीच बरखास्त! २००८ पर्यंत बाया सापडल्या. आभाळातून पडल्या काय? होत्याच. शोधायची कुणाला गरज नव्हती.

आपल्याला हे नवं नाही. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. कागदावर समान संधी आली. पाणी आलं नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तळ्यात उतरावं लागलं, अन् आपल्या माणसांना मार खावा लागला. 'खुलं आहे' आणि 'पिता येतं' यांत एवढं अंतर असतं. राखीव जागा म्हंजे ते अंतर कायद्यानं तोडणं.

कुणी विचारतं, ज्या पुरुषाची खुर्ची गेली त्याचा काय गुन्हा? प्रश्न खोटा नाही. त्यानं स्वतः कुणाला हाकललं नसेल. पण खुर्ची आपलीच, ही खात्री त्याला कुठून आली? निम्मी माणसं शर्यतीबाहेर ठेवली होती म्हणून. त्याचा हक्क जात नाही, मक्तेदारीतला वाटा जातो. तो जाताना दुखतं, हे मी मान्य करतो. मला आत्ता दुखतंय.

आपली पोरं दुसरं विचारतात, 'पण त्या बाया कुणाच्या?' रास्त आहे. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्यानं शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना निदान एक बाई संचालक सक्तीची केली. कित्येक मालकांनी बायको, लेक, आई बसवली. घरची खुर्ची घरातच! आणि जात? २०१२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात हजार मोठ्या कंपन्यांचे संचालक मोजले होते. शंभरात नव्वदाहून जास्त उच्चवर्णीय. अनुसूचित जाती-जमातींचे चारसुद्धा नाहीत. म्हणून बाईचा कोटाच नको म्हणायचं? मडकं गळतं तर लिंपावं, पाणीच नको कशाला? 'बाई' म्हणताना 'कुठली बाई' हे विचारलंच पाहिजे. आपली माय, आपली बहीण त्या मोजणीत कुठंय, हे विचारलंच पाहिजे.

पण तो प्रश्न विचारायचा अधिकार अकराही पुरुषांच्या कमिटीला नाही.

समाज किती पुढं गेला ते बाबासाहेब त्यातल्या बायांवरून मोजत. १९४२ साली नागपुरात हजारो बायांपुढं त्यांनी हे सांगितलं. आपण फोटोला हार घालतो, आणि माप मात्र अडगळीत टाकतो.

दुसऱ्या दिवशी त्या पोरीच्या घरी गेलो. माफी मागितली. ती म्हणाली, 'दादा, माफी राहू द्या. जागा किती देताय ते सांगा.'

चार जणांनी उठायचंय. पहिला मी उठतोय. उरलेले तीन कोण?

जय भीम.