जन्मापूर्वी शिवलेले टोपडे

सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांतून सेवा करणाऱ्या एका उपदेशकबंधूंनी आम्हांकडे एक प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या मंडळींतील एका बहिणीने सातव्या महिन्यांत अंगणांत उघडपणे बसून एक टोपडे व दोन झबली शिवली. मूल दिवस भरण्यापूर्वीच जन्मले आणि तिसऱ्या दिवशी गेले. शेजारणी म्हणाल्या, आधी शिवले म्हणून गेले. शेजारणींचे आम्हांस नवल वाटत नाही. परंतु मंडळींतील दोन वृद्ध बहिणीही तेच बोलल्या, आणि आता ती माताही तसेच म्हणते. बंधु विचारतात की, न जन्मलेल्या बालकासाठी वस्त्रे करून ठेवणे योग्य आहे काय?

प्रथम हे सांगणे अवश्य आहे की, ही भीति हसण्याजोगी नाही. शहरांतले शिकलेले लोक तिला खुळी समजूत म्हणून मोकळे होतात. ज्या घरांतून पाळणे पुनःपुन्हा रिकामे झाले, तेथील स्त्रिया आशा लपवावयास शिकल्या. कळा सुरू झाल्यावर जुने लुगडे फाडून बाळोती करावयाची. मूल जगावे म्हणून दुसऱ्याच्या घरचे जुने अंगडे मागून आणावयाचे. पण नवे कापड आधी घरांत आणावयाचे नाही. ह्यांत अज्ञान आहे खरे, तथापि त्या अज्ञानाच्या पोटांत माया आहे. आमच्यांतील कित्येक जण ह्याच भीतीला शास्त्राचा अंगरखा चढवितात. उद्याची काळजी करू नका असे प्रभूने सांगितले ना, असे ते विचारतात. उद्याच्या गोष्टी ठरविणाऱ्यांस याकोबाने दोष दिला ना? पण हेच बंधु पेरणीपूर्वी बियाणे राखून ठेवितात, आणि त्यांत त्यांस अविश्वास दिसत नाही.

सेवाग्राम हे नाव निघालेच आहे, तर तेथील एक गोष्ट सांगतो. गांधीजी १९३६ साली तेथे राहावयास आले; कस्तुरबांची कुटी तेथे आहे. गांधीजींच्या हातच्या सुताचे एक लुगडे बांनी जपून ठेविले होते, आणि आपल्या अंत्यसमयी तेच नेसवावे अशी त्यांची इच्छा होती. ता. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यास आगाखान राजवाड्यांत, बंदिवासांत, त्या वारल्या, तेव्हा त्याप्रमाणे करण्यांत आले. हे ऐकून कोणी म्हणाले नाही की, लुगडे राखून ठेविले म्हणून बा गेल्या. आमच्याही खेड्यांत वृद्ध माणसे आपल्या मातीसाठी कापड व पैसा पेटींत ठेवितात, आणि लोक त्यांस शहाणे म्हणतात. मग मरणाची तयारी शहाणपण आणि जन्माची तयारी अपशकुन, हे कसे? बांच्या मागून सेवाग्रामांत त्यांच्या नावाचे जे रुग्णालय डॉ. सुशीला नायर ह्यांनी उभे केले, ते आरंभी अवघ्या १५ खाटांचे, व स्त्रिया आणि मुले ह्यांच्यासाठीच होते, हेही येथे आठवते.

आता शास्त्राकडे पाहू. मरीयेने बाळास बाळंत्यांत गुंडाळले असे लूक लिहितो. ती बाळंती कोठून आली हे तो लिहीत नाही. परंतु जेथे उतरावयास जागा मिळाली नाही, त्या परक्या गावांत ती कोणी आणून दिली असतील असे आम्हांस वाटत नाही. ती नासरेथाहून गाठोड्यांत बांधून आणिली असावी. ज्या मातेस देवदूताचे वचन मिळाले होते, तिनेही चिंध्या जमविल्याच.

आणि तयारी नसेल तर थंडी बाळाची वाट पाहत नाही. तान्ह्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे, म्हणून उष्णता तेथून पुष्कळ जाते. जन्मताच बाळास कोरडे पुसावे, मातेच्या उघड्या छातीशी धरावे, डोक्यावर टोपडे घालावे, वरून दुपटे पांघरावे, आणि पहिल्या दिवशी न्हाऊ घालू नये, असे हल्लीचे वैद्यक सांगते. कळा सुरू झाल्यावर, रात्रीच्या वेळी, हे स्वच्छ कापड कोण शोधील? फार धुतलेले जुने धोतर नव्या राठ कापडाहून बरे. पण ते उकळून कडक उन्हांत वाळविलेले असावे. झबले पुढून उघडे ठेवावे, गुंड्यांऐवजी बंद लावावे, व शिवण बाहेरच्या अंगास घ्यावी, म्हणजे ती कातडीस रुतत नाही. बाळंतिणीची चोळीही पुढून उघडणारी असावी. ही तिची गरज शिवणाऱ्यांच्या ध्यानांत क्वचितच राहते.

आमची सूचना अशी. बाळंतविडा देण्याची चाल आपल्या लोकांत जुनीच आहे, आणि जन्मानंतर आलेल्या विड्यास कोणी भीत नाही. तर दुर्कस यापोंत विधवांसाठी शिवीत असे, त्याप्रमाणे मंडळींतील बहिणींनी एकत्र बसून गाठोडी करावी व ती प्रार्थनामंदिरांतील पेटींत ठेवावी. ती कोणा एका बालकाची नसल्यामुळे कोणाच्या मनास धक्का लागणार नाही. ज्या घरी प्रसूति होईल त्या घरी गाठोडे जावे, मग ते घर ख्रिस्ती असो वा नसो, आणि मुलगा होवो वा मुलगी.

ही भीतीशी तडजोड नव्हे काय, असे कोणी विचारील. होय, काही अंशी आहे. दुर्बळ मनाच्या भावासाठी मांस न खाण्याचे पौलाने पत्करले, तितकी ती आहे. परंतु पौलास मूर्ति काहीच नाही हे ठाऊक होते, व ते त्याने स्पष्ट लिहिले. म्हणून उपदेशकांच्या व पाळकांच्या घरच्या स्त्रियांनी ह्या पेटीच्या आड लपू नये. त्यांनी आपल्या बाळाचे टोपडे आपल्या ओट्यावर, दिवसाउजेडी, शिवावे. पुरुषांनी सुईंत दोरा ओवून दिला तरी काही बिघडत नाही.

राहिली ती बहीण. टोपड्याने मूल गेले नाही, वेळेपूर्वी जन्मलेले मूल नाजूक असते, हे तिला सांगितले पाहिजे, आणि एकदा सांगून भागणार नाही. पण बंधूंनी तिच्यापुढे प्रवचन करू नये. हन्ना आपल्या शमुवेलासाठी वर्षोवर्षी लहानसा झगा करून नेत असे. तिचे मूल घरी नव्हते, तरी तिचे हात शिवीत होते. ही गोष्ट तिला वाचून दाखवावी व उठून यावे. तिने शिवलेली दोन झबली तिने स्वतःच काढून दिली आहेत, असे बंधु लिहितात. टोपडे तिने दिलेले नाही. ते मागावयास कोणीही जाऊ नये.