झाकलेल्या वचनाचे ओझे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाचे शहर आहे. तेथील संत योहान बाप्तिस्ता यांच्या कॅथलिक चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करीत असलेल्या एका स्त्रीची शिल्पाकृती आहे. तिच्या बोटांत विवाहाच्या तीन अंगठ्या कोरलेल्या आहेत. पहिल्या दोन अंगठ्या ज्यांनी घातल्या, त्या पतींची नावे सर्वांना ठाऊक होती. तिसरी अंगठी घालणारा पुरुष पुढे इंग्लंडचा राजा झाला; आणि त्या तिसऱ्या विवाहाविषयी या स्त्रीने अर्ध्या शतकाहून अधिक काळ जाहीरपणे एक अक्षरही उच्चारले नाही. तिचे नाव मरिया फिट्झहर्बर्ट.

राजवाड्यांतील गुप्त विवाहांच्या कथा लोक चवीने वाचतात. मरियेच्या कथेत मात्र नीतिशास्त्राचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. दोन जीवांनी परमेश्वराच्या साक्षीने एकमेकांना दिलेले वचन जगापासून लपवून ठेवले, तर ते वचनच राहते काय? आणि राहत असेल, तर त्या लपवण्याचे ओझे कोणी वाहायचे?

प्रथम त्या काळचे कायदे पाहू. १७०१ साली इंग्लंडच्या संसदेने वारसाहक्काचा कायदा केला. राजघराण्यातील जो कोणी कॅथलिक होईल अथवा कॅथलिक व्यक्तीशी विवाह करील, तो सिंहासनाला मुकेल, असे त्याने ठरवले. पुढे १७७१ साली तिसऱ्या जॉर्ज राजाच्या एका भावाने राजाला न विचारता विवाह केला. संतापलेल्या राजाने १७७२ साली आणखी एक कायदा करून घेतला. त्यानुसार राजाच्या संमतीवाचून राजघराण्यातील व्यक्तीने केलेला विवाह रद्दबातल ठरू लागला. पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्यांना एक वाट मोकळी होती. त्यांनी राजाच्या सल्लागार मंडळाला सूचना द्यायची, वर्षभर थांबायचे आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी नापसंती दर्शवली नाही तर विवाह करायचा. हा कायदा संमत होताच राजाच्या दुसऱ्या भावाने सांगून टाकले, की आपणही १७६६ सालापासून गुप्तपणे विवाहित आहोत!

या दोन कायद्यांच्या कात्रीत सापडले ते राजाचे थोरले चिरंजीव, म्हणजे पुढचे चौथे जॉर्ज. १७८४ साली युवराज मरियेवर अनुरक्त झाले. ती कॅथलिक घराण्यातील, दोनदा विधवा झालेली आणि वयाने त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. विवाहाशिवाय कोणताही संबंध तिला मान्य नव्हता, आणि विवाह तर अशक्य होता. युवराजांनी स्वतःवर शस्त्राने वार करून घेतल्याचा निरोप धाडून तिला बोलावून घेतले व तिच्याकडून शब्द मिळवला. असा शब्द खरा नव्हे, हे ओळखून ती इंग्लंड सोडून गेली आणि वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिली. पत्रांचा वर्षाव मात्र थांबला नाही. अखेर ती परतली आणि १५ डिसेंबर १७८५ रोजी लंडनमधील तिच्या राहत्या घराच्या दिवाणखान्यात, बंद दाराआड, विवाह झाला. विवाह लावणारा अँग्लिकन धर्मोपदेशक कर्जबाजारी होता. त्याचे कर्ज फेडून त्याला या कामासाठी मिळवण्यात आले होते. साक्षीला मरियेचे मामा आणि भाऊ उभे होते. युवराजांचे वय होते तेवीस. म्हणजे कायद्याने ठेवलेली ती एक वाटही त्यांना बंद होती.

या विवाहाच्या चारच दिवस आधी युवराजांनी आपले मित्र व संसदेतील नामवंत पुढारी चार्ल्स जेम्स फॉक्स यांना लिहून कळवले होते, की अशा अफवांना काहीही आधार नाही. १७८७ साली युवराजांच्या कर्जाचा प्रश्न संसदेपुढे आला, तेव्हा विवाहाची कुजबुज उघड चर्चेत उतरली. ३० एप्रिल रोजी फॉक्स उभे राहिले. असा विवाह कायद्याने होऊ शकत नाहीच, पण तो कोणत्याही रीतीने झालेलाही नाही, असे त्यांनी सांगितले. आणि हे आपण थेट अधिकाराने बोलत आहोत, असेही बजावले. संसदेने कर्जफेडीसाठी एक लाख एकसष्ट हजार पौंड मंजूर केले. युवराजांची अडचण मिटली. मरिया मात्र त्या दिवशी साऱ्या देशापुढे युवराजांची रखेल ठरली.

एकाच गोष्टीविषयी तीन माणसे येथे तीन रीतींनी वागलेली दिसतात. फॉक्स असत्य बोलले, पण त्यांना ते सत्य वाटत होते. युवराज असत्य जाणून बोलले. मरिया बोललीच नाही. संत ऑगस्टीन यांच्या शिकवणुकीनुसार मनात एक ठेवून फसवण्याच्या हेतूने दुसरे बोलणे, ही लबाडी होय. आणि कोणत्याही चांगल्या हेतूने ती चांगली ठरत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही हेच मानले, मात्र सत्य शहाणपणाने झाकून ठेवणे आणि असत्य बोलणे यांत त्यांनी भेद केला. या निकषावर फॉक्स फसलेले ठरतात, युवराज दोषी ठरतात. मौन धरणारी मरिया कोठे बसते?

तिच्या मौनामागील परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १७७८ साली इंग्लंडमधील कॅथलिकांवरील काही निर्बंध सैल झाले. त्याविरुद्ध जून १७८० मध्ये लंडनमध्ये भयंकर दंगली उसळल्या. कॅथलिकांची प्रार्थनामंदिरे व घरे जाळण्यात आली. शेकडो माणसे प्राणास मुकली. त्यानंतर पाच वर्षांनी झालेल्या या विवाहाची वार्ता फुटली असती, तर आगीत तेल पडले असते. विवाहाच्या कागदावरील साक्षीदारांची नावेही मरियेने पुढे कापून टाकली, कारण बेकायदा विवाहाला हजर राहिल्याबद्दल त्यांच्यावर संकट आले असते. तिचे मौन पतीला, भावाला, मामाला आणि सबंध समाजाला पाठीशी घालत होते. त्यातून तिला स्वतःला काहीही मिळत नव्हते. युवराजांच्या मौनाने मात्र त्यांना मुकुट मिळत होता, पैसा मिळत होता आणि वेळ येताच दुसरा विवाह करण्याची मोकळीकही मिळत होती. दोघांनी एकच गुपित राखले. एकाच्या हाती ते सद्गुण झाले, दुसऱ्याच्या हाती पाप.

ती वेळ आलीच. ८ एप्रिल १७९५ रोजी, पुन्हा कर्जाच्या भाराखाली, युवराजांनी ब्रुन्सविकची राजकन्या कॅरोलिन हिच्याशी थाटामाटात विवाह केला. जानेवारी १७९६ मध्ये त्यांना कन्या झाली. आणि अवघ्या तीन दिवसांनी त्यांनी मृत्युपत्र लिहिले, त्यात पत्नी म्हणून उल्लेख केला तो मरियेचा! त्यांच्या अंतःकरणाला सत्य ठाऊक होते. त्यांच्या जिभेला मात्र ते कधीच परवडले नाही.

काही वर्षांनी युवराज परत फिरले आणि तिने पुन्हा आपल्यासोबत राहावे, म्हणून विनवू लागले. मरियेने एक अट घातली. प्रश्न रोमला विचारला जावा. ख्रिस्तसभेचा जो निर्णय होईल, तो ती मानील. एका कॅथलिक धर्मगुरूमार्फत प्रकरण रोमला गेले आणि १८०० साली उत्तर आले, की हा विवाह वैध असून ती युवराजांची धर्मपत्नी आहे.

अँग्लिकन धर्मोपदेशकाने बंद दाराआड लावलेला विवाह रोमने वैध कसा मानला, असा प्रश्न आपल्या वाचकांना पडेल. विवाहसंस्काराचे सेवक स्वतः वधूवर असतात, धर्मगुरू साक्षी असतो, ही ख्रिस्तसभेची प्राचीन शिकवण आहे. विवाह धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यासमोर झाला तरच वैध, हा नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नोव्हेंबर १५६३ मध्ये केला. परंतु जेथे तो नियम रीतसर जाहीर होईल, तेथेच तो लागू व्हायचा होता. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये तो जाहीर झालाच नव्हता. तेथे वधूवरांची खरीखुरी संमती पुरेशी होती. राजाचा कायदा विवाहाचे राजकीय फळ नाकारू शकत होता. दोन बाप्तिस्माप्राप्त व्यक्तींनी दिलेले वचन पुसून टाकणे त्याच्या हाती नव्हते.

मग सारे ठीकच झाले, असे म्हणायचे काय? माझ्या मते नाही. वैधता हा विवाहाचा पाया आहे. पायावर घर उभे राहावे लागते. ट्रेंटच्या धर्मपित्यांनी गुप्त विवाहांवर बंदी घालताना जे कारण दिले, ते वाचताना अंगावर काटा येतो. गुप्तपणे विवाह केलेला पुरुष त्या पत्नीला टाकतो, दुसरीशी उघडपणे विवाह करतो व तिच्यासोबत राहून व्यभिचारात जगतो. आणि जे झाकलेले आहे त्याचा न्याय ख्रिस्तसभा करू शकत नाही, म्हणून ती हतबल होते, असे त्यांचे म्हणणे होते. १५६३ साली त्यांनी जे सांगितले, ते १७९५ साली लंडनच्या राजवाड्यात जसेच्या तसे घडले. आणि फसवली गेली ती एकटी मरिया नव्हे. आपण कोणाच्या जागी उभ्या आहोत, हे वेदीपाशी येताना कॅरोलिनला कोणी सांगितले होते?

संस्कार म्हणजे अदृश्य कृपेचे दृश्य चिन्ह. चिन्ह दिसण्यासाठी असते. तरीही ख्रिस्तसभेने गुप्ततेला विवाहातून पूर्णपणे हद्दपार केलेले नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९८३ सालच्या धर्मसंहितेत, ११३० व्या आणि पुढील कलमांत, गंभीर व तातडीच्या कारणासाठी विवाह गुप्तपणे साजरा करण्याची परवानगी बिशप देऊ शकतात. त्याची नोंद धर्मप्रांताच्या गुप्त दप्तरातील वेगळ्या वहीत होते, आणि बिशप, धर्मगुरू, साक्षीदार व दांपत्य या साऱ्यांवर गुप्ततेचे बंधन येते. परंतु ते गुपित राखल्यामुळे मोठा अपवाद निर्माण होत असेल अथवा विवाहाच्या पावित्र्यालाच गंभीर धक्का बसत असेल, तर बिशपांवरील मौनाचे बंधन संपते. शब्बाथ आणि माणूस यांच्याविषयी प्रभू येशूने जो क्रम लावून दिला, तोच क्रम येथे दिसतो. गुपित विवाहासाठी असते. विवाह गुपितासाठी नसतो. जोवर मौन त्या वचनाचे रक्षण करते, तोवर ते राखावे. ते वचनालाच गिळू लागले, की त्याचा अधिकार संपला.

या कसोटीवर १७८७ सालचा तो एप्रिल महिना निर्णायक ठरतो. त्या दिवसापर्यंतचे मौन समजण्यासारखे होते. मित्राच्या तोंडून भर संसदेत पत्नीला नाकारण्यात आले, त्या क्षणी पतीच्या मौनाचा अधिकार संपला होता. सत्य सांगणे म्हणजे कदाचित मुकुट गमावणे. परंतु विवाहाच्या दिवशी त्यांनी जे वचन दिले, ते मुकुट राहिला तरच पाळीन असे नव्हते.

जे वचन माणूस उघडपणे स्वीकारीत नाही, ते त्याला हळूहळू भित्रे बनवते. १८११ साली एका शाही मेजवानीत मरियेला पत्नीच्या मानाचे आसन नाकारण्यात आले, तेव्हा ती कायमची दूर झाली. १८२९ साली कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क देणारा कायदा पुढे आला. त्याला शेवटपर्यंत विरोध करून, नाइलाज झाल्यावरच राजाने मान्यता दिली. आपल्या पत्नीच्या धर्मबांधवांसाठीही या पतीला दोन शब्द बोलता आले नाहीत. २६ जून १८३० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या गळ्यात मरियेचे छोटे चित्र होते; ते त्यांच्यासोबतच पुरले गेले. ज्या चित्राला जगाच्या प्रकाशात जागा मिळाली नाही, त्याला शवपेटीच्या अंधारात मिळाली. हे प्रेम खोटे होते, असे मी म्हणणार नाही. ते अपुरे होते. ज्याची किंमत सदैव दुसऱ्याने मोजायची, ते प्रेम अपुरेच राहते.

काळ पुढे गेला. २०१३ साली संमत होऊन २०१५ पासून अमलात आलेल्या कायद्याने १७७२ चा कायदा रद्द केला आणि कॅथलिक व्यक्तीशी विवाह केल्याने सिंहासनाचा हक्क जाण्याची तरतूदही काढून टाकली. राजा अथवा राणी प्रॉटेस्टंट असावी, ही अट मात्र कायम आहे.

आपल्या धर्मग्रामांत वधूवरांची नावे रविवारच्या मिस्सामध्ये जाहीर होतात. विवाहापूर्वीची ही जाहीर घोषणा १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने साऱ्या ख्रिस्तसभेला लावून दिली. अनेकांना तो कंटाळवाणा उपचार वाटतो. घरच्यांच्या भीतीने कचेरीत नोंदणी करून आपापल्या घरी परतणारी जोडपीही आज आढळतात. त्यांची भीती खरी असते, आणि आईवडिलांनीही आपण मुलांना इतके का घाबरवले, हे स्वतःला विचारायला हवे. त्या तरुणांना माझा एकच प्रश्न असतो. हे गुपित फुटले तर कोणाचे नाव खराब होईल, आणि ते राहिले तर कोणाची सोय होईल? दोन्ही उत्तरांत एकच नाव येत नसेल, तर ओझे समान वाटले गेलेले नाही.

१८३३ साली मरियेने आपल्याजवळची व राजाकडची बहुतेक पत्रे जाळून टाकू दिली. मात्र काही थोडे कागद तिने राखले आणि ते लंडनच्या एका बँकेत मोहोरबंद करून ठेवले. त्यांत तिच्या विवाहाचा दाखला होता. नव्या राजाने देऊ केलेली सरदारकीची पदवी तिने नाकारली. पतीसाठी शोकवस्त्रे मात्र तिने धारण केली. पदवीने तिचा मान वाढला असता. तिला हवे होते ते केवळ एवढेच, की कधीतरी, ती नसतानाही, कोणीतरी ते पाकीट उघडावे आणि खरे काय ते वाचावे. १९०५ साली ते उघडण्यात आले.