आठवड्याचा विषय

वर्षाचे ५२ आठवडे, प्रत्येक आठवड्याला एक शब्द, आणि त्या शब्दाला अनुसरून त्याच आठवड्याच्या मुदतीत स्वतः टिपलेले एक छायाचित्र, असा नेम देशोदेशीचे हौशी छायाचित्रकार स्वखुशीने पत्करतात. आणि अमरावतीत राजकमल चौकातून अंबादेवीच्या देवळाकडे जाताना किंवा अकोल्यात मोर्णेच्या पुलावर, हातात लहानसा कॅमेरा अथवा नुसता मोबाइल घेऊन एखाद्या पडक्या भिंतीकडे किंवा रिकाम्या हातगाडीकडे एकटक पाहत उभा राहिलेला कोणी शिक्षक, कोणी बँकेतला कारकून, कोणी महाविद्यालयातली मुलगी दिसली, तर ती व्यक्ती अशाच एखाद्या नेमात गुंतलेली असण्याचा पुष्कळ संभव असतो. या नेमाला मोबदला नाही, वरिष्ठांचा हुकूम नाही, आणि तो मोडला म्हणून कोणी जाब विचारीत नाही. म्हणूनच त्याचा विचार या स्तंभात करावासा वाटतो. कारण मनुष्य सक्तीने जे करतो त्यात त्याची शिस्त दिसते, आणि सक्तीवाचून जे करतो त्यात त्याची वृत्ती दिसते.

या नेमाचे पहिले आणि निःसंशय मोठे देणे म्हणजे तो पाहावयास शिकवतो. 'सावली' हा अगदी साधा विषय घ्या. अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढू लागतो त्या मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात, कर्कवृत्ताकडे निघालेला सूर्य ऐन मध्यान्ही आपल्या या दोन्ही नगरांच्या बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली काही क्षण त्याच्याच बुंध्यात लोपते; खगोलप्रेमी मंडळी त्या दिवसाला शून्य सावली दिवस म्हणतात. परतीच्या वाटेवर जुलैत सूर्य पुन्हा तेथे येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. तो चमत्कार टिपण्याचा मोह कोणालाही होईल, आणि तो टिपावाही. परंतु जो मनुष्य आठवडाभर सावलीच्या शोधात हिंडतो त्याला चमत्काराखेरीज आणखी एक गोष्ट हळूहळू दिसू लागते, ती ही की सावली ही नगरात वाटली गेलेली वस्तू आहे आणि तिची वाटणी सारखी झालेली नाही. सरकारी कचेऱ्यांच्या आवारात जुने कडुनिंब आहेत. रुंद केलेल्या हमरस्त्यांवर ते उरलेले नाहीत. अशा रस्त्याच्या कडेला बसलेली भाजीवाली आपले गोणपाट मागच्या भिंतीच्या सावलीबरोबर वीतभर वीतभर सरकवत जाते. सावली आखडत आली की कोथिंबिरीची आणि पालकाची जुडी ती आत घेते, वर ओले फडके झाकते, आणि आपण स्वतः उन्हात बसते, कारण भाजी कोमेजली तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. हे दृश्य त्या रस्त्याने रोज कामावर जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून अनेक वर्षे गेलेले असते. विषयाने त्याला थांबविले, म्हणून ते त्याने पाहिले. एखाद्या छंदाने माणसाला इतके दिले, तर त्याला रिकामपणाचा उद्योग म्हणण्याचे धैर्य निदान मला होत नाही.

मात्र याच नेमात एक धोका दडलेला आहे, आणि तो विषयाच्याच पोटात आहे. शब्द आधी येतो, माणूस मागाहून. 'हात' हा विषय मिळाला की डोळे हातांच्या शोधात निघतात, आणि वऱ्हाडात हातांचा शोध कपाशीच्या वावरापाशी येऊन थांबावा हे साहजिक आहे. दिवाळीच्या सुमारास वेचणी भरात येते. कमरेला ओटी बांधलेल्या बाया ओळीने तासांत शिरतात आणि दोन्ही हातांनी, मान खाली घालून, एका बोंडावरून दुसऱ्यावर जातात. फुटलेल्या बोंडाची वाळलेली टोके कठीण आणि टोकदार असतात. त्यांनी नखांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात, त्या चिरांत धूळ बसते, आणि अशा बोटांमध्ये पांढराशुभ्र कापूस धरलेला असला म्हणजे छायाचित्र विलक्षण होते यात शंका नाही. पण वेचणीची मजुरी किलोवर ठरते. संध्याकाळी बांधावर काटा लागतो, ज्याच्या ओटीतून जितका कापूस निघाला तितके पैसे मिळतात. तेव्हा 'मावशी, जरा थांबा, हात असा वर धरा,' असे म्हणून आपण तिची जी पाच-दहा मिनिटे घेतो, ती तिच्या वजनातून वजा होतात. आपल्या जमाखर्चात ती कोठेच मांडली जात नाहीत. तिच्या जमाखर्चात त्याच संध्याकाळी दिसतात.

पुष्कळ सज्जन छायाचित्रकार वावराच्या मालकाला विचारून आत शिरतात आणि आपण रीतीने वागलो असे समाधान मानतात. वावर मालकाचे आहे, हे खरे. हात त्याचे नाहीत. मालकाची मंजुरी ही वावरात पाऊल ठेवण्यापुरती आहे, आणि वेचणाऱ्या बाईच्या परवानगीची जागा ती घेऊ शकत नाही. त्यातून मालक शेजारी उभा असताना मजुरी करणाऱ्या बाईने दिलेला होकार कितपत तिचा स्वतःचा असतो, हाही विचार मनात यावा. दुपारी न्याहारीला बाया झाडाखाली बसतात तेव्हा जाऊन बसावे, आपण कोण, कोठले, कशासाठी आलो हे सांगावे, आणि 'कायले काढता जी आमचा फोटू?' या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे. हे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. 'आमच्या या आठवड्याचा विषय हात आहे' हे वाक्य त्या झाडाखाली मोठ्याने उच्चारून पाहावे, म्हणजे आपल्या हेतूत किती वजन आहे ते आपल्यालाच कळते; आणि ते उच्चारवत नसेल तर कॅमेरा पिशवीत ठेवावा.

कायदा या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारा मनुष्य. ज्याचा चेहरा किंवा ज्याचे हात त्यात आले त्याचा त्या चित्रावर मालकीहक्क नाही. कायद्याने ही व्यवस्था केली ती निर्मात्याच्या श्रमाचे रक्षण करण्यासाठी, आणि तिच्यात गैर काही नाही. पण कायदा जेथे सगळा हक्क एकाच बाजूला देतो, तेथे दुसऱ्या बाजूचे देणे त्याच माणसाच्या सदसद्विवेकावर येऊन पडते, आणि ते वसूल करणारी कचेरी कोठेही नाही.

'प्रतीक्षा' हा विषय याहून कठीण. गेल्या दोन-अडीच दशकांत वऱ्हाडचे नाव देशभर ज्या एका छायाचित्राने पोहोचविले, ते म्हणजे अंगणात उभी असलेली, आत्महत्या केलेल्या पतीची तसबीर छातीशी धरलेली शेतकरी स्त्री. ती स्त्री एक नव्हे, अनेक; तसबीर मात्र प्रत्येक वेळी तशीच धरलेली, आणि कित्येकदा 'फोटो हातात घेऊन उभ्या राहा' असे सांगून धरविलेली. वृत्तपत्रांनी ते दुःख लोकांपुढे आणले नसते तर शासनदरबारी त्याची दखल घेतली गेली नसती, हे मान्य केले पाहिजे. बातमीदाराला पुराव्याची गरज असते आणि त्या पुराव्याचा उपयोग त्या घरालाही होऊ शकतो. हौशी मनुष्याकडे असे कोणतेही कारण नाही. त्याच्यापाशी केवळ एक शब्द आहे आणि रविवारपर्यंतची मुदत आहे. एखाद्या घरातील शोक त्या शब्दाचे उदाहरण म्हणून उचलणे हे, माझ्या मते, सरळसरळ अन्यायाचे आहे. मग ते चित्र कितीही सहृदयतेने टिपलेले असो.

येथेच हौशी मनुष्याच्या हातातली, व्यावसायिकाला न लाभलेली एक सवलत ध्यानात येते. संपादकाने धाडलेल्या छायाचित्रकाराला रिकाम्या हाताने परतता येत नाही. हौशी मनुष्य आठवडा रिकामा सोडू शकतो. वर्षाच्या मालिकेत एक जागा कोरी राहिली, तर त्यामुळे कोणाचे काहीही बिघडत नाही. तरीसुद्धा नेम अखंड राहावा या हट्टापायी, शनिवारच्या संध्याकाळी, दिवस मावळत असताना, समोर येईल त्या म्हाताऱ्यावर 'प्रतीक्षा' हे नाव चिकटवून मोकळे होण्याचा मोह फार जणांना होतो. तो म्हातारा कदाचित कोणाचीच वाट पाहत नसेल. बसथांब्यावर घटकाभर टेकला असेल. त्याच्यावर आपण एक खोटी कैफियत लादतो, आणि ती चित्राबरोबर पुढे अनेकांच्या डोळ्यांखालून जाते.

मूळचे अकोल्याचे, मुंबईत कर्तृत्व गाजविलेले आणि २०१६ साली पद्मश्रीने गौरविले गेलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचे काम या संदर्भात हौशी मंडळींनी अवश्य अभ्यासावे. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन त्यांनी टिपले; गटारात उतरलेली माणसे, कचऱ्याच्या गाडीवरची माणसे, आणि त्याच माणसांचे घरातले, लेकराबाळांतले क्षण. ही चित्रे पाहताना अंगावर काटा येतो, पण त्यांतल्या एकाही माणसाची आपल्याला कीव करवत नाही, कारण तो माणूस तेथे घाणीचे उदाहरण म्हणून उभा केलेला नाही. असे चित्र वारंवार गेल्यावाचून, बसल्या-उठल्यावाचून होत नाही. ज्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावात शिरताच आधी खराटा हाती धरला आणि कीर्तन रात्रीवर ठेवले, त्या जिल्ह्यातल्या लोकांना आधी देणे आणि मग मागणे हा क्रम नव्याने सांगण्याची गरज पडू नये. आठवड्याच्या मुदतीत इतके साधणार नाही, असे कोणी म्हणेल. परंतु हौशी मनुष्य इथलाच रहिवासी आहे; परगावाहून आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी निघून जातो, याला मात्र तीच भाजीवाली पुढच्या शुक्रवारीही भेटणार असते. छापलेली एक प्रत तिच्या हातात नेऊन देणे याला फार खर्च लागत नाही. ती प्रत पाहून तिने 'हा फोटू कोणाले दाखवू नका' असे म्हटले, तर तो शब्द अखेरचा मानावा.

सगळीकडेच इतकी घालमेल करावी लागते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन हजारो कावडधारी अकोल्याच्या राजराजेश्वराला येतात, तेव्हा तो सोहळा सर्वांनी पाहावा हाच त्यांचा मनोदय असतो. तेथे प्रत्येकाची परवानगी घेणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. मेळघाटात कोरकूंच्या होळीच्या दिवसांत मात्र तोच न्याय लावू नये. तो त्यांच्या घरचा उत्सव आहे; आपण तेथे बोलावलेले नसतो, आणि पाड्यावरची झोपडी ही प्रेक्षागृहाची पायरी नव्हे. आणि माणूस जेथे चौकटीत नसतोच, तेथेही हौशी मनुष्याला मोठे काम आहे. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी शकुंतला, १९९४पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावणारी, आता बंद पडली आहे. तिची जी जुनी छायाचित्रे लोकांनी केवळ हौसेने काढून ठेवली, त्यांना आज दस्तऐवजाची किंमत आली आहे. दुर्दैवाने त्यांपैकी अनेकांच्या पाठीवर ना स्थानकाचे नाव आहे ना तारीख. विषयाचा शब्द वर्षभरात विसरला जाईल. स्थळ आणि दिनांक लिहून ठेवावा.

राहता राहिला प्रश्न विषयांच्या यादीचा. या याद्या बहुधा परदेशी ऋतुमानाच्या असतात, त्यांत बर्फ असतो, पानगळीचे तांबडे अरण्य असते, आणि आपले लोक त्या शब्दांच्या मागे इकडे धावतात. वऱ्हाडातल्या हौशी मंडळींनी आपली यादी आपण करावी असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते: पोळा, आंबिया बहार, पऱ्हाटी, जिनिंगच्या आवारातली रुई, आणि सर्वांत आधी पाणी. कशाकडे पाहायचे हे यादी ठरवते, आणि कशाकडे कोणीच पाहणार नाही हेही तीच ठरवते. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूरच्या बाजूच्या गावांत, विहिरीचे पाणी दिसते नितळ आणि लागते खारट. ते पिण्याच्या उपयोगाचे नाही, ओलितालाही धड चालत नाही. त्या पाण्याचा भरलेला पेला उन्हात धरून कितीही सुंदर चित्र काढले, तरी क्षार त्यात उमटत नाहीत, आणि गोड्या पाण्याच्या पेल्याचे चित्र त्याच्या शेजारी ठेवले तर दोहोंत फरक दिसत नाही. येथे छायाचित्रकाराला विचारावेच लागते. कोणत्या विहिरीचे, कोण भरते, प्यायचे पाणी कोठून येते, नळाला कितव्या दिवशी येते, उन्हाळ्यात टँकर येतो की नाही, हे ज्या बाईच्या डोक्यावर हंडा आहे तिला ठाऊक असते. तिने सांगितलेले तिच्याच शब्दांत, तिची हरकत नसेल तर, त्या चित्राखाली लिहावे, आणि तिला पुरते सांगता यावे म्हणून आधी तिला हंडा उतरवून ठेवू द्यावा.